आधी आवृत्ती विचारा : संगणकातल्या संगणकाची गोष्ट



दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. सुरतच्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शेवटच्या वर्षाला आहे. चकलीचा तुकडा हातात तसाच ठेवून तो लॅपटॉपकडे बघत बसला, तेव्हाच काहीतरी अडले आहे हे कळले. पडद्यावर एक छोटा संदेश होता. त्याचा अर्थ एवढाच, की एसबीआयची ०.२ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

त्याने तो मोठ्याने वाचला, तशी माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "स्टेट बँकेचं काय झालं रे?"

सगळे हसले, पण भाच्याला हसू येत नव्हते. दोन दिवस त्याचा प्रकल्प याच ओळीवर अडकला होता. तो म्हणाला, "मामा, ही तपासणी म्हणजे कोडातल्या जेमतेम चार ओळी आहेत. काढून टाकतो आणि पुढे जातो. सुट्टी संपली की लगेच सबमिशन आहे."

मी म्हटले, "काढ, पण आधी त्या चार ओळी तिथे का लिहिल्या आहेत ते समजून घे. नंतर काढाव्याशा वाटल्या तर काढ."

त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो, ते मंडळाच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले संगणकशास्त्र शिकत आहेत, आणि ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांचेही बँकेचे, बिलांचे आणि दवाखान्याचे व्यवहार आज याच यंत्रणेवर चालतात.

यजमान, पाहुणा आणि तळाचा थर

एका मोठ्या संगणकावर अनेक छोटे संगणक असल्याचा आभास निर्माण करता येतो. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. खरा संगणक हा यजमान, आणि त्याच्या आत चालणारा आभासी संगणक हा पाहुणा. पाहुण्याला वाटते की प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळे आपल्या एकट्याचेच आहे. प्रत्यक्षात यजमान एकाच घरात दहा पाहुण्यांची सोय करत असतो, आणि एकाची पिशवी दुसऱ्याच्या हाती लागणार नाही याची काळजी घेत असतो. इंटरनेटवर भाड्याने मिळणारे बहुतेक सर्व्हर हे असे पाहुणेच असतात.

लिनक्समध्ये हे काम करणाऱ्या भागाचे नाव केव्हीएम. तो फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० पासून लिनक्सचा भाग आहे. सुरुवातीला तो इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी होता, नंतर मोबाईलमधल्या आर्म प्रोसेसरांसाठी आला. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरांसाठी तो जानेवारी २०२२ मध्ये लिनक्स ५.१६ मधून आला. ते काम मुख्यतः अनुप पटेल यांनी वेस्टर्न डिजिटलमध्ये असताना पुढे नेले होते. रिस्क-फाइव्हची सुरुवात २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात झाली. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच रचनेवर आहेत. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, त्यामुळे हे नाव आपल्याला नवे नाही. भारत सरकारने एप्रिल २०२२ मध्ये डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह हा कार्यक्रमही जाहीर केला. तेव्हा आज कॉलेजात हा विषय घेणाऱ्या मुलांना पुढे तो उपयोगी पडण्याची शक्यता चांगली आहे.

या यजमानाच्याही खाली आणखी एक थर असतो, तो म्हणजे फर्मवेअर. संगणक चालू केल्यावर सर्वांत आधी जागा होणारा हा प्रोग्राम. प्रोसेसरचे काही अधिकार फक्त त्याच्याकडे असतात. यजमान लिनक्सला त्यातले काही काम करवून घ्यायचे असेल, तर फर्मवेअरला ठरलेल्या पद्धतीने विनंती करावी लागते. रिस्क-फाइव्हमध्ये या ठरलेल्या पद्धतीचे नाव सुपरवायझर बायनरी इंटरफेस, म्हणजेच भाच्याला अडवणारे ते एसबीआय. आर्ममध्ये प्रोसेसरचे गाभे चालू-बंद करण्यासाठी पीएससीआय नावाची अशीच पद्धत आहे, आणि आपल्या खिशातल्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती वापरात असते.

जॅकार्डचे कार्ड

इंटरफेस म्हणजे काय, हे सुरतेत राहणाऱ्याला समजावणे सोपे आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपली कित्येक खानदेशी कुटुंबे लूमवर काम करूनच स्थिरावली. ज्यांनी जॅकार्डची यंत्रे पाहिली आहेत त्यांना भोके पाडलेली कार्डेही आठवत असतील. जिथे भोक आहे तिथला हुक उचलला जातो, हुकाबरोबर ताण्याचा धागा वर येतो आणि खालून बाणा जातो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेरी.

कार्ड कापणारा एकीकडे बसतो आणि लूम दुसरीकडे चालतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नसले तरी चालते, कारण त्यांच्यात एक करार असतो : किती हुक, कोणत्या क्रमाने, कोणते भोक कोणत्या धाग्याचे. हा करार म्हणजे इंटरफेस.

आता १२० हुकांच्या यंत्रावर २४० हुकांचे कार्ड लावायला गेले, तर ते बसतच नाही. हे बरे, कारण चूक लगेच दिसते. पण कार्ड बसले आणि हुकांचा क्रम वेगळा असला, तर यंत्र मुकाट्याने चालू राहते. कापडही विणले जाते, फक्त नक्षी चुकते. कोणी येऊन पाहीपर्यंत कित्येक मीटर माल वाया गेलेला असतो.

संगणकातही चुका याच दोन प्रकारच्या असतात. जागेवर अडवणारी चूक त्रास देते, पण ती प्रामाणिक असते. मुकाट्याने चालू राहणारी चूक खरी महागात पडते. आवृत्तीची तपासणी कशासाठी करायची याचे थोडक्यात उत्तर हे, की दुसऱ्या प्रकारची चूक पहिल्या प्रकारात आणण्यासाठी.

आवृत्ती विचारायची कशी

करार काळाप्रमाणे वाढत जातो. एसबीआयच्या ०.१ मध्ये मोजक्याच सेवा होत्या. ०.२ मध्ये त्यांची नीट विभागणी झाली, नवीन सेवा आल्या, आणि मुख्य म्हणजे "तू कोणती आवृत्ती पाळतोस?" हा प्रश्न विचारण्याची सोय झाली.

इथे एक गमतीची अडचण येते. प्रश्न विचारण्याची सोयच ०.२ मध्ये आली, मग त्याआधीच्या फर्मवेअरला तो विचारायचा कसा? लिनक्सने साधा मार्ग काढला आहे. प्रश्न सरळ विचारायचा. उत्तरात धन संख्या आली तर ती आवृत्ती समजायची. "असे काही मला माहीत नाही" अशी चूक परत आली, तर समोरचा ०.१ चा आहे असे धरायचे. म्हणजे उत्तर न येणे हेही एक उत्तर आहे, आणि त्याचा अर्थ नेहमी सर्वांत जुना, सर्वांत सावध असाच घ्यायचा. उत्तर आले नाही म्हणून समोरच्याला नव्यात जमा करणे ही घोडचूक ठरेल.

आर्मच्या पीएससीआयचेही असेच आहे. आवृत्ती सांगण्याची सोय तिथेही ०.२ पासून आली. तिथे आणखी एक बारकावा आहे. यंत्राची माहिती देणाऱ्या तक्त्यात "हे फर्मवेअर ०.२ पाळते" असे लिहिलेले असते, पण फर्मवेअरला विचारल्यावर ते ०.२ पेक्षा जुनी आवृत्ती सांगते, असे झाले तर लिनक्स दोघांपैकी कोणावरही विश्वास ठेवत नाही. आवृत्ती परस्परविरोधी आहे असा संदेश देऊन तिथेच थांबते. कागदावर एक आणि तोंडी दुसरे असेल, तर व्यवहार पुढे न नेणे हे शहाणपणाचेच.

उत्तर येते ते एका संख्येच्या रूपात, आणि त्या संख्येत दोन आकडे बांधलेले असतात : मोठा आवृत्ती क्रमांक आणि छोटा आवृत्ती क्रमांक. पीएससीआयमध्ये वरचे १६ बिट मोठ्या क्रमांकासाठी आणि खालचे १६ छोट्यासाठी असतात. म्हणून १.० हे उत्तर ६५,५३६ या संख्येने येते. एसबीआयमध्ये छोट्या क्रमांकाला खालचे २४ बिट आहेत, म्हणून तिथे १.० हे उत्तर १,६७,७७,२१६ असे येते. एकाची गाठ दुसऱ्याच्या पद्धतीने सोडली, तर एसबीआयचे १.० हे पीएससीआयच्या नजरेला २५६.० दिसेल. आणि २५६.० ही आवृत्ती कोणत्याही "किमान इतकी हवी" अशा तपासणीत उत्तीर्णच होणार! तपासणी लिहिलेली असूनही तिचा उपयोग शून्य.

उंची ५.१० चा घोळ

दोन आवृत्त्यांची तुलना करणे हे ऐकायला अगदी सोपे वाटते, पण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. का, ते आपल्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जावरून पटकन कळेल.

समजा, अर्जात उंचीच्या रकान्यात कोणी ५.१० लिहिले, म्हणजे ५ फूट १० इंच. कार्यकर्त्याने तो आकडा एक्सेलमध्ये भरला. एक्सेलला ती दशांश संख्या वाटली, त्याने शेवटचे शून्य गाळले आणि ५.१ केले. आता हा उंचापुरा मुलगा आणि ५ फूट १ इंचाचा मुलगा यादीत शेजारी बसले, आणि ५ फूट ९ इंचाचा, म्हणजे ५.९ वाला, दोघांच्याही वर गेला. यादी नीट लावलेली दिसते, कुठे चूक असल्याचा संदेश नाही, पण उत्तर चूक आहे. कारण त्या टिंबाच्या डावीकडे फूट आहेत आणि उजवीकडे इंच. ती दशांश संख्या नाहीच.

आवृत्तीचेही नेमके तेच. एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरांमध्ये पाहुण्याची मेमरी यजमानापासूनही सुरक्षित ठेवण्याची सोय आहे. तिचे नाव एसईव्ही, आणि तिच्या अलीकडच्या रूपाचे नाव एसईव्ही-एसएनपी. हे काम प्रोसेसरमधला एक वेगळा सुरक्षा-घटक त्याच्या स्वतःच्या फर्मवेअरवर करतो. लिनक्सने त्या फर्मवेअरच्या इंटरफेसची किमान आवृत्ती १.५१ ठरवली आहे. ती नसेल तर एसएनपी चालू होत नाही.

आता समोरच्या फर्मवेअरने १.६ असे उत्तर दिले तर? दशांश समजून पाहिले तर १.६ ही संख्या १.५१ पेक्षा मोठी, म्हणजे तो उत्तीर्ण. पण आवृत्ती म्हणून ६ हा ५१ पेक्षा कितीतरी मागे आहे. जुने फर्मवेअर दारातून आत गेले, आणि ज्याच्यासाठी पहारा बसवला होता तेच घडले.

कोणी म्हणेल, मग दोन्ही आकडे वेगवेगळे तपासू : मोठा क्रमांक १ किंवा जास्त असावा, आणि छोटा क्रमांक ५१ किंवा जास्त असावा. हेही चूक. उद्या २.० आवृत्ती आली, तर तिचा छोटा क्रमांक ० असल्यामुळे ती नापास होईल. ६ फूट ० इंच उंचीच्या मुलाला "इंच कमी आहेत" म्हणून ५ फूट ९ इंचापेक्षा बुटका ठरवण्यासारखे हे झाले.

बरोबर रीत अशी : आधी मोठे क्रमांक पाहा. समोरच्याचा मोठा असेल तर तो उत्तीर्ण. तो लहान असेल तर नापास. दोन्ही सारखे असतील तरच छोट्या क्रमांकाकडे जा. लिनक्समध्ये एएमडीच्या या तपासणीसाठी नेमके याच क्रमाने काम करणारे छोटेसे फंक्शन आहे. दोन-तीन ओळींचेच आहे, पण ते एकदा नीट लिहून सगळीकडे तेच वापरले जाते. प्रत्येकाने आपापल्या परीने तुलना लिहिली असती, तर कोणीतरी ५.१० ला ५.१ केलेच असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मोठा क्रमांक बदलतो तेव्हा करार लिहिणाऱ्यांनी काही जुने मोडले असण्याची शक्यता असते. म्हणून "मोठा तो चांगला" हा नियम वापरण्याआधी त्या कराराच्या दस्तऐवजात काय वचन दिले आहे ते वाचावे लागते.

तपासणी काढून टाकली असती तर

भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. रिस्क-फाइव्हसाठी केव्हीएम सुरू होताना तीन गोष्टी पाहतो. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे का? एसबीआयची आवृत्ती ०.१ च्या पुढची आहे का? आणि त्या एसबीआयमध्ये आरफेन्स नावाची सेवा आहे का? यातले एकही नसेल, तर केव्हीएम स्वतः सुरू व्हायला नकार देतो आणि कारण एका ओळीत सांगतो.

आरफेन्सचाच एवढा आग्रह का? त्यासाठी आपल्या सोसायटीचे उदाहरण घेऊ. एका मोठ्या सोसायटीला चार फाटके आहेत आणि प्रत्येक फाटकावर एक वॉचमन. कोणत्या फ्लॅटमध्ये कोण राहते याची छोटी यादी प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणजे दरवेळी ऑफिसात जाऊन रजिस्टर बघायला नको. एक भाडेकरू फ्लॅट सोडून गेला आणि तो दुसऱ्या कुटुंबाला दिला. ऑफिसातले रजिस्टर बदलले, पहिल्या फाटकावरची यादीही बदलली. पण उरलेल्या तीन फाटकांना कोणी कळवलेच नाही, तर? जुना भाडेकरू तिसऱ्या फाटकाने बिनधास्त आत येईल, आणि वॉचमन त्याला सलाम करून सोडेल. वॉचमनचा दोष नाही. त्याच्या खिशातली यादी जुनी आहे, एवढेच.

प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याकडे मेमरीच्या पत्त्यांची अशीच एक छोटी यादी असते. यजमानाने मेमरीचे एक पान एका पाहुण्याकडून काढून दुसऱ्याला दिले, की सगळ्या गाभ्यांच्या याद्यांतून जुनी नोंद पुसली गेली पाहिजे. केव्हीएम रिस्क-फाइव्हवर आला तेव्हा "बाकीच्या गाभ्यांना नोंदी पुसायला सांग" ही विनंती तो एसबीआयमार्फत फर्मवेअरकडे करत असे. पाहुण्यांच्या नोंदी दुसऱ्या गाभ्यांवर पुसण्याची ही सेवा आरफेन्समध्ये आहे, आणि ती ०.२ मध्ये आली. ०.१ मध्ये साध्या प्रोग्रामांच्या नोंदी पुसण्याची सोय होती, पण पाहुण्यांच्या नोंदींसाठी काही नव्हते.

म्हणजे त्या चार ओळी काढल्या असत्या, तर भाच्याचा पाहुणा संगणक कदाचित सुरूही झाला असता. पडद्यावर नमस्कार आला असता, आणि सबमिशनही कदाचित पार पडले असते. पण नोंदी पुसण्याची विनंती दर वेळी वाया गेली असती. मग कधीतरी, भार वाढल्यावर, एका पाहुण्याने दुसऱ्याला दिलेल्या पानावर लिहिले असते. कॉलेजच्या प्रयोगात याचा परिणाम म्हणजे न समजणारा बिघाड. पण तेच कोड एखाद्या खऱ्या सर्व्हरवर गेले आणि शेजारच्या पाहुण्यात कोणाचे तपासणी अहवाल किंवा पगारपत्रक असेल, तर हा फक्त बिघाड राहत नाही, दुसऱ्याच्या माहितीवर घाला होतो. आणि त्याचे मूळ शोधायला निघालेला माणूस फर्मवेअरच्या आवृत्तीपर्यंत कधी पोहोचेल, सांगता येत नाही.

हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे तो संदेश मला अडवत नव्हता, मामा. तो मला वाचवत होता."

आवृत्तीवरच थांबू नये

वरच्या तीन प्रश्नांत आवृत्तीनंतर आरफेन्सबद्दल वेगळे विचारले आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. ०.२ म्हटले की आरफेन्स असणारच, असे का धरले नाही? कारण ०.२ पासून एसबीआयमधल्या बहुतेक सेवा ऐच्छिक आहेत. पायाभूत सेवा तेवढी सक्तीची, आणि बाकीच्यांपैकी कोणती आहे हे एकेक करून विचारता येते. विद्यार्थी बारावी उत्तीर्ण आहे एवढ्यावरून त्याने जीवशास्त्र घेतले होते की गणित, हे कळत नाही. त्यासाठी गुणपत्रिका पाहावी लागते. आवृत्तीवरून कोणते प्रश्न विचारता येतील ते समजते, सेवा प्रत्यक्षात आहे की नाही ते त्या प्रश्नाच्या उत्तरावरून.

नकार कसा द्यावा, हेही शिकण्यासारखे आहे. तपासणीत फर्मवेअर नापास झाले म्हणून केव्हीएम अख्खा संगणक बंद पाडत नाही. फक्त पाहुणे ठेवण्याचे काम तो हाती घेत नाही. बाकीचे लिनक्स नेहमीसारखे चालते. घरात पाणी नसेल तर पाहुण्यांना "आज नका येऊ" असे सांगायचे, घराला कुलूप लावून निघून जायचे नाही.

पाहुण्याला दिलेला शब्द

आतापर्यंत यजमान खाली पाहून फर्मवेअरला प्रश्न विचारत होता. आता त्याच यजमानाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहू. पाहुण्याला खाली खरे फर्मवेअर दिसतच नाही. त्याच्यासाठी केव्हीएम हाच फर्मवेअर. पाहुणा "तू कोणती आवृत्ती पाळतोस?" असे विचारतो, तेव्हा उत्तर केव्हीएमने द्यायचे असते. म्हणजे इथे केव्हीएमची भूमिका बदलते. आधी तो तपासणारा होता, आता शब्द देणारा आहे.

याची परीक्षा २०१८ मध्ये झाली. त्या वर्षी जानेवारीत प्रोसेसरांमधली स्पेक्टर नावाची सुरक्षेतली त्रुटी जगासमोर आली. आर्म प्रोसेसरांवर तिच्या एका प्रकारापासून बचाव करायचा, तर पाहुण्याला फर्मवेअरची मदत मागावी लागणार होती. ही मदत उपलब्ध आहे की नाही हे ओळखण्याची रीत पीएससीआय १.० वर आधारलेली होती. तोवर केव्हीएम पाहुण्यांना ०.२ सांगत असे. म्हणून त्याने १.० सांगायला सुरुवात केली. हेतू चांगला होता आणि गरजही तातडीची होती.

पण मोठ्या यंत्रणांमध्ये पाहुणे एका जागी बसत नाहीत. एका सर्व्हरची दुरुस्ती करायची असेल, तर त्यावरचे पाहुणे चालू स्थितीतच दुसऱ्या सर्व्हरवर नेले जातात. पाहुण्याला आपण घर बदलल्याचे कळतही नाही. आता समजा, जुन्या केव्हीएमवर सुरू झालेला पाहुणा नव्यावर नेला. सकाळी ०.२ सांगणारे फर्मवेअर दुपारी १.० सांगू लागले. उलटे झाले तर जास्तच वाईट. नव्यावर सुरू झालेला, १.० वर विसंबलेला पाहुणा जुन्यावर गेला, तर ज्या आधारावर त्याने संरक्षण उभे केले तो आधारच नाहीसा.

यावरचा उपाय साधा आणि नेमका होता. पाहुण्याला कोणती आवृत्ती सांगितली जाते हे वाचता आणि ठरवता येईल असे एक आभासी रजिस्टर केव्हीएममध्ये घालण्यात आले. पाहुणा हलवताना जुन्या जागी ते वाचून घ्यायचे आणि नव्या जागी तेच मूल्य भरायचे. नवी जागा ते मूल्य पाळू शकत नसेल, तर ती भरतानाच चूक दाखवून नकार देते. पाहुणा निघण्याआधीच कळते की तिथे जागा नाही. अर्ध्या वाटेत कळण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मुद्दाम काही भरले नाही, तर केव्हीएम आपल्याला येणारी सर्वांत पुढची आवृत्ती सांगतो. म्हणजे नव्या पाहुण्यांना नवी सुरक्षा मिळते, आणि जुन्यांना दिलेला शब्दही टिकतो.

आपल्याकडे लग्न ठरवताना बैठकीत जे कबूल केले ते मांडवात बदलायचे नाही, अशी रीत आहे. सुधारणा करायची असेल तर ती पुढच्या लग्नात करावी. संगणकाच्या जगातही ज्याला शब्द दिला आहे त्याच्यापुरता तो तसाच ठेवावा लागतो.

आपल्या घरी याचा उपयोग

हे सगळे फक्त मोठ्या सर्व्हरांचे आहे असे समजू नका. घरच्या संगणकावर मुलाने व्हर्च्युअल मशीन चालवायला घेतले आणि ते सुरू झाले नाही, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, संदेश पूर्ण वाचा आणि जसाच्या तसा लिहून ठेवा. "एरर आला" एवढे सांगून कोणालाच मदत करता येत नाही. कोणती आवृत्ती हवी होती आणि कोणती मिळाली, हे बहुतेक वेळा त्या ओळीतच असते.

दुसरी, आपल्या फर्मवेअरची आवृत्ती माहीत करून घ्या. विंडोजमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडले की बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. लिनक्समध्ये संगणक सुरू होतानाच्या नोंदींत ती सापडते.

तिसरी, व्हर्च्युअलायझेशनची सोय पुष्कळदा संगणकात असते, पण बायोसच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते. तेव्हा आवृत्तीला दोष देण्याआधी ती चालू आहे का ते पाहा.

चौथी, फर्मवेअर अद्ययावत करायचे ठरले, तर ते बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच, आपल्या नेमक्या मॉडेलचे घ्या. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, आणि काम चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. हे काम मध्येच तुटले तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. आधीची आवृत्ती कागदावर टिपून ठेवा.

पाचवी, आणि मुलांना आवर्जून सांगण्यासारखी : तपासणी आडवी आली म्हणून ती काढून टाकू नका. ती चुकीची आहे असे वाटत असेल तर तसे सिद्ध करा. कधीकधी ती खरोखरच चुकीची असते, वर पाहिलेल्या ५.१० च्या घोळासारखी. तेव्हा ती दुरुस्त करा. पण दुरुस्त करणे वेगळे आणि उखडून टाकणे वेगळे.

भाच्याचा घोटाळा शेवटी साधाच निघाला. त्याने एका जुन्या धड्यावरून फर्मवेअरची जुनी फाईल उचलली होती, आणि लिनक्स मात्र नवे घेतले होते. आम्ही जुन्या फाईलच्या जागी ओपनएसबीआय या खुल्या फर्मवेअरची अलीकडची आवृत्ती ठेवली. ओपनएसबीआय वेस्टर्न डिजिटलने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केले, आणि ते कोणालाही विनामूल्य मिळते. त्यानंतर पाहुणा संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला. त्या चार ओळी जिथे होत्या तिथेच राहिल्या.

त्याने सबमिशनच्या अहवालात या चार ओळींवर एक वेगळे पान लिहिले. आणि बहिणीने त्या रात्री पुन्हा विचारले, "मिटलं का स्टेट बँकेचं?"

"मिटलं," भाचा म्हणाला. "खातं जुनं होतं, केवायसी बाकी होतं."

मंडळातल्या कोणाची मुले या विषयावर प्रकल्प करत असतील, तर कोजागिरीला किंवा गणपतीत भेटल्यावर जरूर विचारा. मला येते तेवढे सांगेन, आणि जे येत नाही ते आपण मिळून शोधू.

चूकभूल द्यावी घ्यावी.